वी स्पोर्ट्स, आठ महिन्यांनंतर : बोलिंग, टेनिस आणि उंदराने कुरतडलेली वायर

गेल्या महिन्यात आमच्या तळमजल्यावरील घरात शिरलेल्या एका उंदराने टीव्हीखालची बारीक काळी वायर कुरतडली आणि आठ महिने विनातक्रार चाललेला वी, म्हणजे निन्टेंडो कंपनीचे टीव्हीला जोडून हात हलवत खेळायचे यंत्र, एका रात्रीत निरुपयोगी झाला. यंत्र सुरू होत होते, टीव्हीवर चित्र दिसत होते, रिमोटचे निळे दिवेही लागत होते. पण पडद्यावर एरवी दिसणारा छोटा हात गायब झाल्यामुळे कोणत्याही खेळाचे चित्र निवडता येत नव्हते. पुढचे तीन आठवडे या एका बिघाडात गेले. त्यामुळे हा अभिप्राय खेळांविषयी असला, तरी त्यात त्या वायरीच्या टोकाला असलेल्या पट्टीचा उल्लेख गरजेपेक्षा जास्त येणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

हा वी विकत घेतलेला नाही. न्यू जर्सीतील माझ्या भाच्याने घर बदलताना अडगळ काढली, तेव्हा तो माझ्या बहिणीच्या सामानातून पुण्याला आला. त्यासोबत दोन रिमोट, एक नंचक (रिमोटला जोडून दुसऱ्या हातात धरायचा तुकडा), कागदी पाकिटातली वी स्पोर्ट्स या पाच खेळांच्या संचाची तबकडी आणि त्याचा पुढचा भाग वी स्पोर्ट्स रिसॉर्ट एवढा ऐवज होता. नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत हे यंत्र आले, तेव्हा वी स्पोर्ट्स त्याच्यासोबतच मिळत असे. या खेळाच्या आठ कोटींहून अधिक प्रती घरोघरी पोहोचल्या, त्यामागचे एक मोठे कारण हेच. फुकट आलेल्या वस्तूवर खर्च करायचा नाही असे मी ठरवले होते. परंतु अमेरिकन अडॅप्टर १२० व्होल्टचा असल्यामुळे तो आपल्याकडच्या भिंतीत खोचता येत नाही, म्हणून तपकीर गल्लीतून ६५० रुपयांचा दुसरा आणावा लागला. आमच्या टीव्हीला पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची जागा नाही, म्हणून एचडीएमआयचा कन्व्हर्टर घ्यावा लागला. त्याचे ४५० रुपये झाले. तबकड्या आणि यंत्र एकाच प्रदेशाचे असावे लागतात, त्यामुळे अमेरिकन वीवर युरोपीय तबकडी चालत नाही. स्वस्तात जुन्या तबकड्या घ्यायला निघालेल्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

पहिल्या दोन महिन्यांत मला कोणी विचारले असते, तर टेनिस हा या संचातला सर्वांत वाईट खेळ आहे, असे मी ठामपणे सांगितले असते. खेळाडू आपणहून धावतो, आपण फक्त वेळ साधून हात फिरवायचा, इथपर्यंत ठीक होते. उजव्या हाताने फोरहँड लवकर मारला की चेंडू डावीकडे जातो आणि उशिरा मारला की उजवीकडे, म्हणजे सगळी दिशा वेळेवर ठरते. आमचा प्रत्येक फटका मात्र उजवीकडेच जात असे. माझी नऊ वर्षांची नात चेंडू समोरच्याच्या हातून सुटण्याआधीच रॅकेट फिरवू लागली आणि तरीही तिचे चेंडू उजव्या बाजूच्या रेषेबाहेर पडत राहिले. मी यंत्र जुने झाले असे समजून गप्प बसलो होतो.

चूक यंत्राची नव्हती. साडेचारशे रुपयांचा कन्व्हर्टर आणि त्यावर टीव्हीची चित्र गुळगुळीत करण्याची प्रक्रिया, या दोहोंमुळे पडद्यावरचे चित्र हाताच्या मागे पडत होते. ते किती पडत होते हे मोजायला माझ्याकडे साधन नाही, पण रिमोटमधील छोट्या स्पीकरमधून रॅकेटचा ‘टप्’ असा आवाज आधी येई आणि चित्रातला चेंडू त्यानंतर उडताना दिसे. एका दुपारी टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्रावरची ही प्रक्रिया टाळणारा ‘गेम मोड’ सापडला, तो सुरू केला आणि त्याच संध्याकाळी नातीने मला सलग चार गेम हरवले. त्यामुळे टेनिसविषयीचे माझे वरचे मत मी मागे घेतो. मात्र एक टेनिसपटू म्हणून नव्हे, तर ज्याचा उजवा खांदा त्यानंतर आठवडाभर दुखत होता असा माणूस म्हणून सांगतो, की सोफ्यावरून उठून तीन तास टेनिस खेळू नये. २००७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका डॉक्टरने अशाच दुखऱ्या खांद्याचे निदान ‘वी-आयटिस’ असे गमतीने केले होते. मी ते वाचले आणि शेकायची पिशवी शोधली.

बेसबॉल, गोल्फ आणि बॉक्सिंग यांच्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बेसबॉलमध्ये चेंडूचा टप्पाच पडत नाही, याची सवय व्हायला वेळ लागतो. सामना तीन डावांचा असतो आणि क्षेत्ररक्षण आपोआप होते. गोल्फला नऊ होल आहेत. हळूच ‘पट’, म्हणजे चेंडू भोकात ढकलण्याचा फटका, मारताना रिमोट हात हलला असे मानतच नाही आणि जरा जोर लावला की चेंडू भोकावरून पलीकडे जातो. बॉक्सिंगला नंचक लागतो आणि आमच्याकडे तो एकच असल्यामुळे दोघांना खेळता येत नाही. तो मी माळ्यावर टाकायच्या बेतात होतो, पण रिसॉर्टमधल्या धनुर्विद्येने वाचवला : रिमोट उभा धरायचा आणि नंचक खरोखर मागे ओढायचा, म्हणजे ताणलेल्या प्रत्यंचेसारखे वाटते.

राहिले बोलिंग, म्हणजे चेंडू गडगडत सोडून समोर उभ्या असलेल्या पिना पाडण्याचा खेळ. आमच्या घरात खेळाची निवड आईने ठरवली, कारण ती चौऱ्याऐंशी वर्षांची असून खुर्चीवरून उठत नाही आणि बसून खेळता येण्यासारखे दुसरे काही तिला मिळाले नाही. अमेरिकेतील वृद्धाश्रमांत वीच्या बोलिंगच्या स्पर्धा भरत असत, हे मी पूर्वी वाचले होते, पण ते खरे का असावे हे आईकडे पाहून पटले. उजव्या मनगटात पट्टा घालायचा, तर्जनीने मागचे बी बटण दाबून धरायचे, हात मागे न्यायचा, पुढे आणायचा आणि चेंडू सोडण्याच्या क्षणी बोट सोडायचे. एवढेच करायचे असते. तिची बोटे संधिवाताने आखडलेली असल्यामुळे बटण सुटायला उशीर होई आणि चेंडू वर उडून लाकडी पट्ट्यावर धपकन आपटे. “अगं, बोट सुटतच नाही मेलं,” असे ती नातीला सांगे आणि नात तिच्या शेजारी बसून “आता... आता!” असे ओरडे. आठवड्याभराने आईला त्याची लय सापडली. हात खाली येताना ती स्वतःशीच “हं” म्हणते आणि त्या ‘हं’वर बोट सोडते. गेल्या दोन महिन्यांत तिने १७० गुणांच्या वर तीनदा मजल मारली आहे आणि माझी सरासरी तिच्या खाली आहे. चेंडूला फिरकी द्यायची तर मनगट वळवावे लागते. ते तिला जमत नाही, म्हणून ती चेंडू मधोमध सोडत नाही. बाण थोडा तिरका करून उजव्या कडेने चेंडू आत आणते. ही युक्ती तिला कोणी शिकवलेली नाही.

चित्र जरा मागे पडले तरी बोलिंगचे काही बिघडत नाही, कारण समोरून येणाऱ्या कशालाही वेळेवर उत्तर द्यायचे नसते. आम्ही टेनिसला नावे ठेवत होतो, त्या काळातही बोलिंग तेवढेच चोख चालत होते. सरावाच्या विभागात पिनांची संख्या वाढत जाऊन शेवटी ९१ पिना येतात आणि चेंडू कडेच्या कठड्यावरून शेवटपर्यंत गडगडत नेला की सगळ्या एकदम पडतात. ही गंमत नातीने शोधली; आईने मात्र ती लबाडी आहे असे ठरवून एकदाही वापरली नाही. चेंडू चुकून मागे सुटला की मागे उभी असलेली माणसे दचकून उड्या मारतात, हे पाहण्यासाठी नात मुद्दाम तसे करते.

आता बिघाड. यंत्र मी आमच्या भागातील एका दुरुस्तीच्या दुकानात नेले. तपासणीचे ३०० रुपये आधी घेतले गेले आणि दुसऱ्या दिवशी “सेन्सर डेड, मदरबोर्डलाही पॉवर जात नाही, साडेचार हजार लागतील,” असे उत्तर मिळाले. मी फक्त एवढेच विचारले, की मदरबोर्डला वीज जात नसेल तर चित्र कुठून दिसते? त्यावर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काका, ते तुम्हाला समजणार नाही.” मी यंत्र परत घेतले. तीनशे रुपये मिळाले नाहीत. पावती जपून ठेवली आहे.

त्या रात्री मी वाचन केले आणि जे कळले त्याने मला दुकानदारापेक्षाही या यंत्राच्या नावांचा राग आला. टीव्हीपुढची ती ‘सेन्सर बार’ नावाची पट्टी काहीही पाहत नाही. तिच्या दोन्ही टोकांना अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, किरणांचे पाच-पाच छोटे दिवे आहेत आणि वायर त्यांना फक्त वीज पुरवते. पाहणारा डोळा रिमोटच्या पुढच्या टोकाला, काळ्या काचेमागे आहे. तो दोन उजेड शोधतो आणि त्यावरून रिमोट पडद्यावर कुठे रोखला आहे हे ठरवतो. हाताचा झटका मात्र रिमोटमधला प्रवेगमापक मोजतो आणि त्याला या पट्टीची गरजच नाही. म्हणजे बोलिंगचा फेक पट्टीशिवायही झाला असता. आम्ही अडकलो होतो ते फक्त ‘बोलिंग’ या चित्रावर बोट ठेवण्यासाठी! मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून टीव्हीच्या रिमोटचा दिवा जांभळट लुकलुकताना दिसतो. तोच कॅमेरा पट्टीसमोर धरला तर दहाही दिवे अंधारात होते.

दोन उजेडच हवे असतील तर मेणबत्त्याही चालतील, असे वाचनात आले होते. लोडशेडिंगच्या काळापासून खणात पडून असलेल्या दोन मेणबत्त्या मी टीव्हीपुढे वीतभर अंतरावर, दोन वाट्यांत उभ्या केल्या आणि पेटवल्या. पडद्यावर हात उमटला. आईने देवघरात असल्यासारखे हात जोडले, पत्नीने पडदे बाजूला घेऊन बांधले आणि पाण्याची बादली जवळ आणून ठेवली. अडचण एकच झाली. पंखा सुरू केला की ज्योती हलत आणि पडद्यावरचा हात तापात थरथरावा तसा थरथरे. एप्रिलमधल्या पुण्यात आम्ही चौघे जण पंखा बंद करून, घामाने निथळत, खेळ निवडेपर्यंत बसत होतो आणि खेळ निवडला की मेणबत्त्या विझवून पंखा लावत होतो. हे दहा दिवस चालले.

दरम्यान रिसॉर्टमुळे माझे मत पुन्हा बदलले. पट्टी निरुपयोगी आहे, असे मी बहिणीला फोनवर ऐकवत होतो. पण २००९ च्या त्या खेळात रिमोटच्या तळाशी मोशनप्लस नावाचा तुकडा जोडावा लागतो. त्यात जायरोस्कोप, म्हणजे रिमोटचे फिरणे मोजणारा भाग, असतो, म्हणून तलवारीचे प्रत्येक वळण आणि टेबल टेनिसच्या बॅटीचा कल त्याला कळतो. जायरोस्कोपचा अंदाज हळूहळू घसरतो आणि मग रिमोट पडद्याकडे रोखून मध्य पुन्हा ठरवावा लागतो. टेबल टेनिसमध्ये माझी बॅट हळूहळू तिरकी होत गेली आणि खेळ थांबवून पुन्हा मेणबत्त्या पेटवाव्या लागल्या. तेव्हा पट्टीविषयी जे बोललो होतो, ते थोडे कमी करून सांगतो.

दुरुस्ती शेवटी घरीच झाली. वायरीत फक्त दोन तारा आहेत; उंदराने कुरतडलेला भाग कापून टाकला, टोके सोलली, रंगाला रंग जुळवून पिळली आणि वीस रुपयांच्या इन्सुलेशन टेपने गुंडाळली. मोबाइलच्या कॅमेऱ्यात दहा जांभळे ठिपके दिसले तेव्हा पावती काढून मी त्या दुकानात जाणार होतो, पण पत्नीने अडवले. वायर आता भिंतीला उंचावर खिळ्यांवरून नेली आहे. पेन्सिल सेलचा खर्च मात्र सुरूच आहे. दोन रिमोटना चार लागतात, म्हणून चार्ज होणारे घेतले आणि ते माझ्या खात्यात मांडले आहेत.

ज्यांच्याकडे वी अजून पडून असेल, त्यांनी रिसॉर्ट जरूर मिळवावा, पण घरात वयस्कर कोणी असेल तर आधी जुन्या तबकडीतले बोलिंग लावावे आणि मनगटाचा पट्टा घट्ट बांधावा. सुरुवातीचा पट्टा बारीक दोरीचा होता आणि तो तुटत असल्यामुळे डिसेंबर २००६ मध्येच कंपनीने जाड दोरीचे पट्टे बदलून द्यायला सुरुवात केली. भाच्याकडून आलेल्या दोन रिमोटपैकी एकाला अजून बारीकच आहे आणि तो मी नातीला देत नाही. मेणबत्त्यांचे उरलेले दोन तुकडे टीव्हीखालच्या कप्प्यात वाट्यांसकट ठेवले आहेत, कारण उंदीर अजून सापडलेला नाही.