स्ट्रोकसाठी जीन टेस्ट करायची तर नक्की कुठली?

गेल्या वर्षी बाबांना स्ट्रोक आला, गुठळीने नस बंद होण्यातला, तेव्हापासून मी आणि दादा जीन टेस्टवरून वाद घालतोय. जे समजलं ते टाकतेय, कोणाला ठरवायचं असेल तर.

दादाला हवी होती लाळेवरून होणारी रिस्क स्कोअरची टेस्ट. तिच्यात डीएनएतले ढीगभर बारीक फरक एकत्र मोजतात, पण एकेकाचा वाटा चिमूटभर. २०१८ साली यूके बायोबँकच्या (ब्रिटनमधल्या लोकांच्या आरोग्याची आणि डीएनएची माहिती साठवणारा प्रकल्प) तीन लाखांवर लोकांत पाहिलं तर वरच्या जनुकीय रिस्कवाल्यांना कमी रिस्कवाल्यांपेक्षा धोका ३५ टक्के जास्त आणि सिगरेट-वजन-खाणं-व्यायाम बिघडलेल्यांना ते नीट असलेल्यांपेक्षा ६६ टक्के, शिवाय ते सगळे युरोपियन वंशाचे, आपल्याला ते आकडे जसेच्या तसे लागू होतील असं नाही. रिपोर्ट कसाही आला तरी बीपी सांभाळा हेच ऐकायचंय, मग मी म्हटलं बीपी मशीनच आण.

दुसरी नॉच३ जीनची. यातल्या बिघाडाने कॅडासिल हा मेंदूच्या बारीक नसा खराब करणारा आनुवंशिक आजार होतो, आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला ५० टक्के शक्यता. घरात चाळिशी-पन्नाशीत स्ट्रोक, डोळ्यापुढे चमकून येणारी मायग्रेन, एमआरआयवर पांढरे डाग असं पिढ्यान्पिढ्या दिसत असेल तरच करा, आणि आधी जेनेटिक काउन्सेलरशी बोला कारण हा आजार मुळापासून घालवणारं औषध नाहीये. बाबा ६८ चे, शुगरवाले, आम्ही हा विषय सोडला.

तिसरी, सीवायपी२सी१९ जीनची, मला खरंच महत्त्वाची वाटते. बाबा रोज क्लोपिडोग्रेल ७५ घेतात, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. ही गोळी पोटात गेली तशी काम करत नाही, लिव्हरमधलं सीवायपी२सी१९ एन्झाइम तिला चालू करतं, आणि त्याचा जीन मंद असला तर गोळी अर्धवटच चालते. आपल्याकडे असा जीन बऱ्याच जणांत असतो. चीनमध्ये असा जीन असलेल्या ६४१२ पेशंटवर चान्स-२ ट्रायल झाली, छोटा स्ट्रोक किंवा टीआयए (थोड्या वेळात आपोआप जाणारा स्ट्रोकसारखा झटका) झाल्यावर २४ तासांत औषध सुरू केलेले, ९० दिवसांत पुन्हा स्ट्रोक क्लोपिडोग्रेलवर ७.६ टक्के, टिकाग्रेलोर या गुठळी रोखणाऱ्या दुसऱ्या औषधावर ६ टक्के, पण रक्तस्राव दुप्पट, बहुतेक किरकोळ. ब्रिटनच्या नाइसने (उपचारांबद्दल मार्गदर्शन करणारी तिथली सरकारी संस्था) २०२४ मध्ये ही टेस्ट करा म्हणून सांगितलंय. म्हणून पेशंट अ‍ॅडमिट असतानाच न्यूरोलॉजिस्टना विचारा, आणि रिपोर्टची वाट बघत गोळी अजिबात बंद करू नका.

अजून एक, याला टेस्टही लागत नाही. अ‍ॅसिडिटीची ओमेप्राझोल हेच एन्झाइम दाबते. बाबांच्या डबीत सकाळच्या खणात दोन्ही गोळ्या शेजारी शेजारी होत्या, कित्येक महिने मीच भरत होते. डॉक्टरांना डबी दाखवली तेव्हा त्यांनी ओमेप्राझोलच्या जागी अ‍ॅसिडिटीचीच पँटोप्राझोल करून दिली.