बुजरी भाटी घरात आणल्यानंतरचे आठ महिने (सांगली)

रस्त्यावरून सोडवून आणलेली, दोनेक वर्षांची भाटी (मादी मांजर). आठ महिन्यांनंतर ती हाताला डोकं घासते, रात्री पायथ्याशी येऊन झोपते. पण उचलू देत नाही आणि पाहुणे आले की कपाटावर चढून बसते. एवढ्यावर समाधान असेल तरच बिचकणारं मोठं मांजर आणावं. मांडीवर बसणारंच हवं असेल तर माणसाळलेलं पिल्लू बरं.

बहुतेकांची चूक पहिल्याच दिवशी होते: सगळं घर मोकळं सोडतात. मग मांजर माळ्यावर शिरतं आणि त्याला ना खाण्याचं भांडं सापडतं, ना शी-शूचा ट्रे. दोन-तीन आठवडे एकच खोली द्या. पलंगाखालची जागा बंद करून पुठ्ठ्याचा खोका ठेवा आणि त्याला दोन तोंडं कापा. एकच तोंड असलं की कोंडल्यासारखं होऊन ती फिस्कारते. लपू दिलं तर मांजर माणसाळत नाही, हा समज साफ चुकीचा आहे.

जेवण ठरल्या वेळी, दिवसातून दोनदा. भांडं आधी खोक्याच्या तोंडाशी, मग दर दोन-तीन दिवसांनी वीतभर पुढे. आपण जमिनीवर तिरकं बसायचं, टक लावायची नाही, डोळे सावकाश मिटायचे-उघडायचे. तिने खाणं टाळलं तर भांडं वीतभर मागे. चोवीस तास पोटात काहीच गेलं नाही तर मात्र डॉक्टरांना फोन करा: उपाशी मांजराच्या अंगातली चरबी यकृतात साठते आणि ते जिवावर बेतू शकतं. दूध-पोळी नको. नुसतं उकडलेलं चिकनही कायमचं चालत नाही; टॉरिन (मांजराला अन्नातून मिळावं लागणारं पोषकद्रव्य) कमी पडलं की डोळे आणि हृदय बिघडतं.

एका मांजराला दोन ट्रे, भांड्यापासून लांब, लिटरचा (ट्रेत पसरायच्या, ओल शोषणाऱ्या दाण्यांचा) थर पाच-सात सेंटिमीटर. सुवासिक लिटर घेऊ नका, बुजरं मांजर त्यावर पाय ठेवत नाही. पावसाळ्यात लिटर ओल धरून चिखल होतं, म्हणून पोतं झाकणाच्या डब्यात ठेवा. बोका असेल आणि ट्रेत वारंवार बसूनही लघवी होत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना.

पिसवांसाठी कुत्र्याचं औषध कधीही लावू नका. त्यात बऱ्याचदा परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं, ते मांजराला विष आहे. पॅरासिटामॉलही तसंच.

उसाच्या हंगामात ट्रॉलीवरचे स्पीकर, गणपतीत ढोल, दिवाळीत फटाके: तिला ओढून बाहेर काढू नका, खिडक्या लावा, खोका तसाच राहू द्या. खिडकीला स्टीलची जाळी हवी. डासांची प्लास्टिकची जाळी नखांनी फाटते.

सगळ्यात जास्त वेळ कॅरियरची, म्हणजे मांजर न्यायच्या पेटीची, सवय लावण्यात घालवा. २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत घराघरात शिरलं. अशा वेळी बुजरं मांजर दहा मिनिटांत पकडता येत नाही. वरूनही उघडणारा कॅरियर घ्या, जुनी चादर घालून बारा महिने खोलीत उघडा ठेवा आणि एक जेवण त्यातच द्या. आधी भांडं दाराशी, मग आत, मग खाताना दार क्षणभर लावायचं, मग मिनिटभर. साधारण तीन आठवड्यांत ती आपणहून आत झोपायला लागली. लसीकरणाला नेतानाही हेच कामी येतं: वरचं झाकण काढून डॉक्टर तिला खालच्या अर्ध्या भागातच तपासू शकतात. लसीचं कार्ड आणि लिटरची लहान पिशवी कॅरियरलाच बांधून ठेवा.