झाडं तोडणाऱ्या-छाटणाऱ्या कंत्राटदाराने कोणता विमा घ्यावा: तीन पॉलिसींचं परीक्षण

वळिवाचे वारे सुटले की बेळगाव, खानापूर, निपाणी भागात झाडं छाटणाऱ्यांना उसंत नसते. धोका सगळ्यात जास्त असतो तोही याच दिवसांत. या धंद्याला तीन पॉलिसी विकल्या जातात: कामगार भरपाई, पब्लिक लायबिलिटी (तिऱ्हाइताच्या नुकसानीची जबाबदारी) आणि वैयक्तिक अपघात विमा. तिन्ही घेता आल्या तर उत्तम. एकीपुरतेच पैसे असतील तर डोळे झाकून कामगार भरपाईची घ्या.

झाडावरून गडी पडला तर मालकाची चूक होती की नव्हती हे भरपाईच्या कायद्यात फारसं पाहिलं जात नाही. कामावर असताना अपघात झाला एवढं पुरतं. रक्कम ठरलेल्या सूत्राने निघते. महिना 15,000 रुपये मजुरीचा 35 वर्षांचा माणूस दगावला, तर मजुरीच्या निम्मे 7,500 गुणिले वयाचा घटक 197.06, म्हणजे 14,77,950 रुपये. चार माणसांची टोळी चालवणारा एवढी रक्कम घर विकल्याशिवाय कुठून आणणार? महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर 12 टक्के व्याज चढतं. वर दंडही बसू शकतो आणि तो विमा कंपनी देत नाही. ईएसआय, म्हणजे सरकारी कर्मचारी राज्य विमा, दहा माणसांपासून लागू होतं, त्यामुळे लहान टोळीला त्याचा आधार नाही. कामगार भरपाईचा 1923 चा कायदा नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. हिशेबाची पद्धत तीच असली, तरी जुन्या पॉलिसीवर फक्त जुन्या कायद्याचं नाव असेल तर कंपनीकडून दुरुस्तीपत्र लेखी मागून घ्या.

पॉलिसी चांगली आहे, पण ती भरताना घोळ होतो. हप्ता कमी यावा म्हणून कामाच्या रकान्यात ‘बागकाम’ लिहिलं जातं. बागकाम म्हणजे जमिनीवर उभं राहून केलेलं काम. तीस फुटांवर दोराने बांधून चेनसॉ चालवणारा त्यात बसत नाही आणि दावा तिथेच अडतो. ‘झाडं तोडणे, उंचीवर चढून फांद्या छाटणे, यंत्राने कापणे’ असे स्पष्ट शब्द घालायला लावा. दुसरा घोळ मजुरीचा. प्रत्यक्ष 18,000 देऊन 9,000 दाखवली की हप्ता वाचतो, पण दाव्याच्या वेळी कंपनी त्याच प्रमाणात हात आखडते. हंगामात जादा माणसं घेत असाल तर नावांची यादी नसलेली, संख्येवर चालणारी पॉलिसी बरी. उपकंत्राटदाराची माणसं आणि दवाखान्याचा खर्च मूळ पॉलिसीत धरलेले नसतात. ते दोन्ही वाढवून घ्या.

आता पब्लिक लायबिलिटी. टिळकवाडीतल्या एखाद्या जुन्या बंगल्याच्या आवारातला आंबा धरा. एक जाड फांदी शेजाऱ्याच्या कौलारू छपरावर आलेली, खालून विजेची सर्व्हिस वायर गेलेली. फांदीला खालून आधी खाच न देता वरूनच कापलं, तर ती अर्ध्यात फाटते, साल सोलत खाली येते आणि दोर बसायच्या आत झोका घेते. शेजाऱ्याची कौलं फुटली, त्याच्या गाडीची काच गेली: हे पब्लिक लायबिलिटीत येतं. गडी जखमी झाला: येत नाही, त्याला कामगार भरपाईच लागते. ज्याचं काम घेतलं त्याच्याच कंपाउंडची भिंत पडली: वाद होतो, कारण तुमच्या ताब्यातल्या वस्तू या पॉलिसीतून वगळलेल्या असतात. क्रेन उलटली: हा वाहन विम्याचा विषय. तिथेही काम करताना उलटण्याचा धोका साध्या पॉलिसीत नसतो, जादा हप्ता भरून घ्यावा लागतो. क्रेन भाड्याची असेल तर तिच्या पॉलिसीत हे कलम आहे का, ते काम सुरू व्हायच्या आधी बघा.

बिगर-औद्योगिक पब्लिक लायबिलिटी पॉलिसी बहुधा कागदावरच्या पत्त्याला बांधलेली असते. तुमचं ऑफिस शहापूरला आणि काम अनगोळला, तर ती कशी उपयोगी पडणार? बाहेरच्या जागी केलेलं काम धरलं आहे असं लेखी हवं. आमच्या मते त्यापेक्षा कमर्शियल जनरल लायबिलिटी पॉलिसी घ्यावी. महाग पडते, पण गिऱ्हाइकाच्या जागी काम करणाऱ्यासाठीच तिची रचना आहे. एका अपघाताची मर्यादा आणि वर्षभराची मर्यादा वेगवेगळ्या असतात, दोन्ही आकडे बघा. दावा ज्या मुदतीत येतो त्या मुदतीवर पॉलिसी चालत असेल, तर नूतनीकरणात एक दिवसाचाही खंड पडू देऊ नका. नाहीतर मागच्या वर्षीच्या कामावर आलेला दावा उघडा पडतो.

एक कलम मात्र पाठ करून ठेवावं असं आहे. कायद्याची अट जाणूनबुजून मोडली असेल तर लायबिलिटी पॉलिसी पैसे देत नाही. म्हणजे परवाना आणि विमा एकमेकांत अडकलेले आहेत. झाडावर चढून काम करणाऱ्याला कर्नाटकात वेगळं लायसन्स नाही. महापालिकेचं ट्रेड लायसन्स धंद्याचं असतं, ते झाड तोडायची परवानगी नव्हे. परवानगी 1976 च्या कर्नाटक वृक्ष संरक्षण कायद्याखाली, वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याकडून, जागेच्या मालकाच्या नावाने निघते. या कायद्यात ‘पाडणे’ म्हणजे फक्त बुंधा कापणं नाही. फांद्या छाटणं, साल गोल काढणं, जाळणंही त्यातच येतं. निलगिरी, सुरू, सिल्व्हर ओक, सुबाभूळ, नारळ यांना सूट आहे. आंबा, फणस, जांभूळ त्यात धरू नका. कॅम्प भागात कॅन्टोन्मेंट बोर्डाला वेगळं विचारावं लागतं. परवानगीची प्रत, त्यावरची झाडांची संख्या आणि जात, शिवाय कामाआधीचे चारही बाजूंचे फोटो गाडीत ठेवा.

तारेजवळ काम असेल तर वीज कंपनी हेस्कॉमकडून लाइन क्लिअर, म्हणजे तार बंद केल्याची परवानगी, घेतल्याशिवाय दोर टाकू नका. वीज गेली आहे म्हणून तार मेली असं धरायचं नाही; कुणाच्या जनरेटरमधून उलटा प्रवाह येऊ शकतो. दोन्ही बाजूंना अर्थिंग केलेलं लाइनमनने दाखवलं पाहिजे.

वैयक्तिक अपघात विमा स्वस्त आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा तर वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचा, 18 ते 70 वयापर्यंत. प्रत्येक गड्याचा जरूर काढा. पण त्यातले पैसे घरच्यांना मिळाले म्हणून तुमची कायदेशीर भरपाई कमी होत नाही.

काम देणाऱ्यांसाठीही थोडं. रस्त्याकडेचं झाड पडून माणूस गेला, त्या राजकोट महापालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली पालिकेला जबाबदार धरलं नाही, कारण निष्काळजीपणा सिद्ध झाला नव्हता. त्यावर विसंबू नका. झाड सडलंय हे तुम्हाला लेखी कळवलेलं असेल आणि तुम्ही स्वस्थ बसलात, तर तुमची बाजू वेगळी पडते. हॉटेल, शाळा, कारखाना यांनी धंद्याच्या कामासाठी कंत्राटदार लावला, तर त्याच्या गड्याची भरपाई आधी त्यांच्याकडून मागता येते आणि मग त्यांनी ती कंत्राटदाराकडून वसूल करायची. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, ती कुठलाच विमा भोगत नाही. दर ठरवण्याआधी पॉलिसीची प्रत मागा. त्यावरचं कामाचं वर्णन, माणसांची संख्या, मुदत आणि कामाची हद्द वाचा.

हद्दीकडे आपल्या भागात विशेष लक्ष हवं. बेळगावची टोळी शिनोळीत किंवा चंदगडला सहज जाते. तिथे परवानगी महाराष्ट्राच्या कायद्याने लागते, आणि लाकूड इकडे आणायचं तर वाहतुकीचा पासही तपासला जातो. पॉलिसीवर ‘बेळगाव जिल्हा’ एवढंच लिहिलं असेल तर शिनोळीतला अपघात तिच्यात बसत नाही. ‘संपूर्ण भारत’ लिहून घ्या.