सोलापुरात पॅरामेडिकल करावं का? लॅबवालीचा रिव्ह्यू (साडेतीन स्टार)

बारावी सायन्स झालं, नीटला मार्क पडले नाहीत आणि घरचे म्हणतायत की निदान मेडिकल लाइनला तरी जा, अशा पोरापोरींसाठी लिहितेय, कारण दरवर्षी रिझल्ट लागला की गल्लीतलं कोणीतरी येतंच, ताई तुझं कॉलेज कसं होतं, घेऊ का अ‍ॅडमिशन. मी इथंच बीपीएमटी (पॅरामेडिकलची डिग्री) केलं, लॅब टेक्निशियनचं. तीन वर्षं कॉलेज, एक वर्ष इंटर्नशिप, डिग्री नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची. कॉलेजचं नाव टाकत नाही, खाली शिव्या पण आहेत आणि तिथल्या सरांशी माझं अजून चांगलं आहे.

बिल्डिंग ठीक. वर्ग पत्र्याचे नाहीत एवढंच समाधान, पण एप्रिल-मेमध्ये बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत अ‍ॅप्रन घालून दुपारचं बायोकेमिस्ट्रीचं लेक्चर म्हणजे काय ते सोलापूरकरांना सांगायला नको. लायब्ररीत पुस्तकं जुन्या एडिशनची. मायक्रोस्कोप पुरेसे दिसतात पण निम्म्यांचा बारीक फोकस फिरतच नाही, त्यामुळं प्रॅक्टिकलला चांगला मायक्रोस्कोप पकडायला पोरं सिटी बसमध्ये जागा धरल्यासारखी रुमाल टाकून ठेवायची. जर्नल लिहून लिहून हात दुखतात. थिअरीला मी पाचपैकी अडीच देईन, तेही दोन मॅडम खरंच जीव तोडून शिकवायच्या म्हणून.

पण पैसे वसूल होतात ते पोस्टिंगला, म्हणजे हॉस्पिटलात प्रत्यक्ष काम करायला पाठवतात तेव्हा. सोलापूरच्या मोठ्या हॉस्पिटलात नुसतं शहर येत नाही, अक्कलकोट, मंगळवेढा, मोहोळ, तिकडून धाराशिव, आणि बॉर्डरपलीकडून इंडी-विजापूरकडचे पण पेशंट येतात, सकाळी कलेक्शनला ही रांग असते आणि हात कमी असतात, म्हणून स्टुडंटला सुई मिळते. पुण्यात शिकलेली माझी मैत्रीण म्हणायची आम्ही बरेच दिवस मागं उभं राहून नुसतं बघायचो, ट्यूब मशीनमध्ये ठेवायची आणि प्रिंट काढायची. आमच्याकडं मशीन बंद पडायचं (लय वेळा पडायचं), मग लिशमनचा स्टेन करून, म्हणजे रक्ताच्या पेशी रंगवून, स्लाइडवर शंभर पेशी हातानं मोजा. तेव्हा वैताग यायचा, आता नोकरीत मशीननं फ्लॅग (रिपोर्टमध्ये काहीतरी गडबड असल्याची खूण) दाखवला की बाकीचे एकमेकांकडं बघतात आणि मी स्लाइड लावते.

शहराच्या पूर्व भागातल्या, तेलुगू बोलणाऱ्या एक आज्जी आठवतात, आयुष्यभर विड्या वळलेल्या, बोटं तंबाखूनं पिवळी, हात एवढा बारीक की शीर दिसेचना, आणि सुई बघितली की "नोप्पी, नोप्पी" (दुखतंय, दुखतंय) सुरू. सिस्टर मागून म्हणाल्या, डोळ्यानं शोधू नको गं, बोटानं शोध, दाबल्यावर स्प्रिंगसारखं वर येतंय का बघ. दंडाला बांधायचा पट्टा मिनिटापेक्षा जास्त बांधून ठेवायचा नाही हे पुस्तकात होतंच, पण ते अंगात भिनलं अशा हातांवर. तेलुगू आणि कन्नडची चार-चार वाक्यं पण तिथंच आली, पूर्व भागात त्याशिवाय कोण हात पुढं करत नाही. निळ्या झाकणाची ट्यूब रेघेपर्यंत भरलीच पाहिजे हे पण तिथंच कळलं, आत सायट्रेट (रक्त गोठू न देणारं औषध) मोजून असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग, रक्त कमी पडलं की पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) उगाच वाढून येतो आणि वॉर्डातले डॉक्टर रक्त पातळ करायच्या गोळीचा डोस बदलायला निघतात. आणि ट्यूब खळाखळा हलवली तर पेशी फुटून पोटॅशियम चढलेलं दिसतं, त्यावरून मी सगळ्यांसमोर बोलणी खाल्लीयेत.

आता तक्रार. एक्स-रेवाल्या बॅचला छातीला लावायचा टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर रेडिएशन किती पडलं ते मोजणारा, तो कित्येक महिने आलाच नव्हता आणि तरी पोस्टिंग चालू होती. फी वेळेवर घेतात ना, मग बॅज पण वेळेवर द्या की. याचे मार्क मी कापलेत आणि अ‍ॅडमिशनला जाताना रेडिओलॉजी घेणार असाल तर पहिला प्रश्न हाच विचारा.

दुसरं, काउन्सेलिंगवाले अजूनपण सांगतात "डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करा, स्वतःची लॅब टाका, मालक व्हा". अहो, 2017 च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय की लॅब रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पीजी केलेल्या रजिस्टर्ड डॉक्टरचीच. टेक्निशियननं काम करायचं, रिपोर्टची जबाबदारी पॅथॉलॉजिस्टची. हे आधी माहीत असेल तर लाइन चांगली आहे, मालक व्हायच्या नादात येणार असाल तर पुढं घरात भांडणं होतात, आमच्या बॅचमध्ये झालीयेत.

आणि सहा महिन्यांत सर्टिफिकेट देतो म्हणणाऱ्या क्लासच्या बोर्डांना भुलू नका. केंद्राचा 2021 चा अलाइड हेल्थचा, म्हणजे आपल्या पॅरामेडिकलवाल्यांचा कायदा आहे, त्यात अलाइड हेल्थ प्रोफेशनलसाठी डिप्लोमा किंवा डिग्री कमीत कमी 2000 तासांची, दोन ते चार वर्षांत पसरलेली असं लिहिलंय, सहा महिन्यांत ते बसेल कसं? कॉलेजला तीनच गोष्टी विचारा, विद्यापीठ कुठलं, पोस्टिंग कुठल्या हॉस्पिटलला आणि महाडीबीटीवर (सरकारी स्कॉलरशिपचं पोर्टल) हा कोर्स या कॉलेजच्या नावासकट दिसतो का. शेवटच्या प्रश्नाला ऑफिसातले क्लार्क "दिसेल दिसेल, प्रोसेसमध्ये आहे" म्हणाले तर चहा पिऊन निघून या.

पगार सुरुवातीला ऐकून हसू येतं, नाइट ड्यूटी ठरलेली, आणि लग्नाच्या बाजारात "नर्स आहे का?" हे ऐकावं लागतं ते वेगळंच. डायलिसिसवाल्यांना मात्र लवकर नोकरी लागली, एकेका पेशंटला आठवड्यातून दोन-तीनदा यावं लागतं आणि एकेक सिटिंग चार-चार तासांचं, त्यामुळं माणूस लागतोच.

फी पुण्यापेक्षा बरीच कमी, घरून डबा नेता येतो. कॅन्टीनची भजी चांगली, चहा नको.