पॉवर फॉरवर्ड: डंकन की नोवित्झ्की?

पुण्याच्या महाविद्यालयीन बास्केटबॉल संघांत उंच मुलाला थेट बास्केटखाली उभे करण्याची रीत अजून टिकून आहे. त्यामुळे पॉवर फॉरवर्ड, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, होऊ पाहणाऱ्या अशा मुलापुढे आदर्श कोणाचा ठेवावा, हा प्रश्न प्रशिक्षकांना सोडवावाच लागतो.

टिम डंकन अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक लीगच्या १९९७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या क्रमांकावर निवडला गेला आणि १९ हंगाम सॅन अँटोनियो स्पर्सकडूनच खेळला. पाच विजेतेपदे, दोनदा हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचा मान आणि १५,०९१ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर ताब्यात घेतलेले चेंडू) ही त्याची कमाई. बास्केटमागच्या बोर्डवर आपटून बास्केटमध्ये जाणारा त्याचा शॉट दिसायला साधा, पेठेतल्या हिशेबी माणसालाही पटावा असा; परंतु त्याचे खरे मोल बचावात होते, कारण उडी मारण्यापूर्वीच तो योग्य जागी पोहोचलेला असे.

जर्मनीच्या डर्क नोवित्झ्कीने डॅलस मॅव्हरिक्सकडून २१ हंगामांत ३१,५६० गुण नोंदवले, २००७ मध्ये सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला, मात्र विजेतेपद एकदाच, २०११ मध्ये मायामी हीटला हरवून. सात फूट उंचीचा हा खेळाडू एका पायावर मागे झुकून शॉट मारी, तेव्हा चेंडू इतक्या उंचावरून सुटे की अडवणारा हतबल होई. शिवाय तो तीन गुणांच्या रेषेबाहेरूनही अचूक असल्यामुळे प्रतिस्पर्ध्यांच्या उंच बचावपटूला बास्केट सोडून बाहेर यावे लागे, आणि आजचा खेळ याच वाटेने गेला आहे.

विजेतेपदांच्या हिशेबात डंकन निःसंशय पुढे आहे. तरीही नेमबाजीचा हात असलेल्या मुलाला मी नोवित्झ्कीच दाखवीन. बाकीच्यांना आधी डंकनचा बचाव शिकवावा.