झोटेरो: तीन पडद्यांवरच्या खुणा, एकच वही

मुंबईतील चाळींच्या इतिहासावर संशोधन करताना माझे वाचन तीन ठिकाणी वाटले गेले आहे. सकाळी डोंबिवलीहून कुर्ल्यापर्यंत लोकलमध्ये फोनवर, दुपारी कालिन्याला विद्यापीठाच्या ग्रंथालयात टॅबवर आणि रात्री घरच्या संगणकावर. पूर्वी मी जे ॲप वापरत होते ते हायलाइट थेट पीडीएफ फाइलमध्येच लिहीत असे, आणि ती फाइल क्लाउडवरच्या फोल्डरात असल्यामुळे, रेंज नसताना फोनवर केलेल्या खुणा आणि त्याच दिवशी टॅबवर केलेल्या खुणा यांच्या दोन निराळ्या प्रती तयार होत. १९०९ च्या मुंबई शहराच्या गॅझेटिअरमधील एकाच खंडाच्या माझ्याकडे चार प्रती झाल्या आणि प्लेगच्या साथीवरची टीप नेमकी कोणत्या प्रतीत आहे हे शोधण्यात एक अख्खा रविवार गेला, तेव्हा मी झोटेरोकडे वळले.

झोटेरो हे मोफत आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअर अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात तयार झाले आणि २००६ साली लोकांसमोर आले. आपल्याकडे बहुतेकांना ते संदर्भसूची करण्यापुरतेच ठाऊक असते. पीडीएफ वाचून त्यावर खुणा करण्याची सोय त्याच्या सहाव्या आवृत्तीत, २०२२ साली आली आणि २०२४ च्या सातव्या आवृत्तीपासून ई-पब पुस्तकांवर व जतन केलेल्या वेबपानांवरही तशाच खुणा करता येऊ लागल्या. आयफोन, आयपॅड आणि अँड्रॉइड या तिन्हींसाठी ॲप आहे.

त्याचे मर्म असे की तुमची खूण पीडीएफमध्ये उमटतच नाही. ती झोटेरोच्या स्वतःच्या नोंदवहीत जाते आणि पान उघडले की त्यावर दाखवली जाते. त्यामुळे सिंक होताना जड फाइल पुन्हा पुन्हा वर चढत नाही, केवळ नोंदीची देवाणघेवाण होते. बीडीडी चाळीतील खोली १६० चौरस फुटांची होती हे वाक्य मी लोकलमध्ये पिवळे करते, शेजारी ‘एवढ्यात किती माणसे?’ असे लिहिते, आणि रात्री संगणकावर तेच वाक्य त्याच टिपेसह समोर असते. तेथे ‘ॲनोटेशनमधून टिपण’ असा आदेश दिला की सगळ्या खुणा एका टिपणात ओळीने येतात आणि प्रत्येकीपुढे संदर्भ व पृष्ठक्रमांक असतो, ज्यावरून थेट त्या पानावर जाता येते. स्कॅन केलेल्या जुन्या ग्रंथात छापील पृष्ठक्रमांक आणि फाइलमधील पानाचा क्रमांक जुळत नाहीत, म्हणून हा आकडा पहिल्याच खुणेपाशी तपासून दुरुस्त करावा. तशी सोय दिलेली आहे. फोनवर मात्र हवी ती फाइल घरीच उतरवून घ्यावी, नाही तर दिवा-मुंब्र्याच्या मध्ये गाडी थांबलेली असताना पडद्यावर नुसते गोल फिरत राहते.

याच मर्माची दुसरी बाजूही आहे. फोल्डरातून मूळ फाइल उचलून मार्गदर्शकांना व्हॉट्सॲपवर पाठवली तर त्यांना ती कोरी दिसेल. खुणांसह पाठवायची असेल तर झोटेरोतून ती निर्यातच करावी लागते. उलट, दुसऱ्या ॲपमध्ये केलेल्या खुणा झोटेरोत दिसतात, परंतु आयात केल्याखेरीज बदलता येत नाहीत.

मराठी दस्तऐवजांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचा दोष झोटेरोला देता येणार नाही. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेल्या पीडीएफमधील परिच्छेद हायलाइट केला की पानावर तो व्यवस्थित रंगतो, पण टिपणात त्याच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा निरर्थक गुंता येतो, कारण त्या फाइलमध्ये मुळात देवनागरी मजकूर नसतोच, फक्त देवनागरी आकार असतात. युनिकोड पीडीएफसुद्धा नेहमी सुखरूप उतरत नाहीत. ‘रहिवासी’ हा शब्द ‘रहवािसी’ होऊन येतो. स्कॅन केलेल्या पानावर तर मजकुराचा थर नसल्यास हायलाइट करताच येत नाही. अशा ठिकाणी मी चौकोन आखून तेवढा भाग चित्र म्हणून घेते आणि त्याच्या टिपेत दोन ओळींचे मराठी सार स्वतः टंकलिखित करते. चित्रातील अक्षरे शोधाला सापडत नाहीत, माझे सार मात्र सापडते. ज्यांच्याकडे शेकडो पाने आहेत त्यांनी टेसरॅक्टसारख्या मोफत ओसीआरने (चित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणाऱ्या सॉफ्टवेअरने), त्यात मराठी भाषा निवडून, आधी मजकुराचा थर चढवून घ्यावा. जोडाक्षरांवर नजर मात्र ठेवावी लागते.

आठ रंग मिळतात. मी तीनच वापरते: आकडेवारीला पिवळा, रहिवाशांच्या तोंडच्या शब्दांना हिरवा आणि माझ्या शंकांना लाल. पहिल्या महिन्यात सगळे आठही वापरून पाहिले होते; कोणत्या रंगाचा अर्थ काय हे लक्षात ठेवण्यासाठी वेगळी वही करावी लागली.

खुणांच्या सिंकला पैसे पडत नाहीत, फाइलींसाठी मात्र ३०० एमबीच मोफत आहेत, आणि स्कॅन केलेल्या गॅझेटिअरचे काही खंड ठेवले की ते संपतात. २ जीबीसाठी वर्षाला २० डॉलर घेतात. स्वतःच्या संग्रहातील फाइलींसाठी वेबडॅव्हची (इंटरनेटवरून फाइली ठेवण्याच्या एका प्रमाणित पद्धतीची) जागा जोडून हा खर्च टाळता येतो, पण सामायिक गटाच्या फाइलींना ती वाट बंद आहे; त्यांचा भार गट उघडणाऱ्याच्या खात्यावर पडतो. आमच्या चौघींच्या गटात कोणती खूण कोणाची हे नावासह दिसते, जागेचे पैसे मी भरते, आणि कालिन्याच्या कँटीनमधील चहाचे बिल वर्षभर उरलेल्या तिघी देतात.