जर्मनीतील विद्यार्थी आरोग्यविमा: सवलतीचा भार कोण उचलतो?

जर्मन विद्यापीठात नाव नोंदवायचे तर आरोग्यविम्याचा पुरावा द्यावाच लागतो, आणि तिशी ओलांडलेली नसेल तर सार्वजनिक विमा संस्थांचा विद्यार्थी दर मिळतो. 2025 मध्ये शुश्रूषा विमा, म्हणजे दीर्घकाळ देखभालीची गरज पडल्यास उपयोगी पडणारा विमा, धरून हा हप्ता महिन्याला साधारण 140 ते 150 युरो होता. घरी हा आकडा सांगितला की पहिला प्रश्न येतो तो महागाईचा, आणि दुसरा, ही सवलत तिथल्या करदात्यांच्या पैशांतून मिळते का, हा.

नोकरदारांचा मूळ दर वेतनाच्या 14.6 टक्के आहे आणि तो कर्मचारी व मालक निम्मा-निम्मा भरतात. विद्यार्थ्यांना त्याच्या सात-दशांश, म्हणजे 10.22 टक्के दर लागतो, आणि तोही प्रत्यक्ष मिळकतीवर नव्हे, तर ‘बाफ्योग’ या सरकारी शैक्षणिक साहाय्यासाठी ठरवलेल्या 855 युरोंच्या रकमेवर. म्हणून मूळ हप्ता 87.38 युरो येतो आणि संस्थेचा अतिरिक्त दर व शुश्रूषा विमा त्यावर चढतो. एवढ्यात खर्च भागला नाही, तर उरलेला भार प्रामुख्याने इतर वर्गणीदारांवर, म्हणजे नोकरदार आणि त्यांच्या मालकांवर पडतो. करदात्यांचा वाटाही आहे, पण लहान: केंद्र सरकार सामायिक आरोग्यनिधीत दरवर्षी 14.5 अब्ज युरो घालते, तर सार्वजनिक विम्याचा वार्षिक खर्च 300 अब्ज युरोंहून अधिक आहे, आणि त्या अनुदानात विद्यार्थ्यांच्या नावाने वेगळी रक्कम काढून ठेवलेली नसते. थेट करातून हप्त्याला हातभार लागतो तो बाफ्योग मिळणाऱ्यांना. भारतातून केवळ शिक्षणाच्या व्हिसावर आलेल्यांना ते साहाय्य सहसा मिळत नाही. त्यामुळे आपण फुकट घेतो आहोत असा संकोच बाळगण्याचे कारण मला दिसत नाही, मात्र अनोळखी नोकरदारांच्या वर्गणीचे ऋण अवश्य मानावे.

सेवेबद्दल माझे मत चांगले आहे. डॉक्टरांकडे कार्ड दाखवले की बिल हाती येत नाही; चिठ्ठीवरच्या औषधाला 5 ते 10 युरो आणि रुग्णालयात दिवसाला 10 युरो, तेही वर्षात जास्तीत जास्त 28 दिवस, एवढाच वाटा आपण देतो. दातांच्या कॅपचा मोठा खर्च मात्र स्वतःला सोसावा लागतो, प्रौढांच्या चष्म्याला सहसा मदत मिळत नाही, आणि तज्ज्ञ डॉक्टरांची वेळ मिळायला कित्येक आठवडे लागतात.

स्वस्त दिसणाऱ्या खासगी पॉलिसीपुढे मी नव्या विद्यार्थ्यांना विशेष सावध करीन. सार्वजनिक विम्यातून बाहेर राहण्याची सूट घेतली की त्या शिक्षणाच्या काळात ती मागे घेता येत नाही, आणि जुने आजार वगळणारी पॉलिसी नेमकी गरजेच्या वेळी अपुरी पडते. तिशीनंतर किंवा पीएचडीसाठी येणाऱ्यांना विद्यार्थी दर लागू होत नाही, म्हणून त्यांनी निघण्यापूर्वीच संस्थेकडून आपला हप्ता लेखी विचारून घ्यावा.